फोंडा : कुलदेवतेच्या पलीकडे, पाण्याच्या कडेकडेने

मंडळी, घरात लग्न झालं, नातवंड आलं किंवा परदेशातला मुलगा महिनाभरासाठी घरी आला, की आपल्याकडे एक कार्यक्रम ठरलेला असतो. कुलदेवतेला जाऊन यायचं. मुंबई-पुण्याहून रात्रीची गाडी, पणजीला मुक्काम, एका सकाळी फोंडा. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे. अभिषेक, ओटी, महाप्रसाद, आणि दुपारी तीनच्या आत परत. मुलांना मग समुद्रावर जायचं असतं.

याबद्दल माझी तक्रार नाही. पण बँकेच्या नोकरीत ऐंशीच्या दशकात माझी फोंड्याला बदली झाली आणि चार वर्षं तिथे काढली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपण देवळं बघतो, पण ती देवळं तिथे का आहेत हे ज्याच्यामुळे कळतं ते पाणी मात्र बघत नाही. फोंड्याला सगळे देवळांचा तालुका म्हणतात. माझ्या मते तो आधी नद्यांचा तालुका आहे, आणि नद्यांचा आहे म्हणूनच देवळांचा आहे.

नकाशा उघडून बघा. उत्तरेला मांडवी. पूर्वेकडून दूधसागरचं पाणी घेऊन येणारी खांडेपार नदी तिला मिळते. दक्षिणेला जुवारी, जिचं जुनं नाव अघनाशिनी. आणि पश्चिमेला या दोन मोठ्या नद्यांना जोडणारा सुमारे 15 किलोमीटरचा कुंभारजुव्याचा कालवा. म्हणजे अंत्रुज महाल, अर्थात जुना फोंडा, जवळजवळ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. पणजीहून येताना बाणस्तारीचा पूल लागतो ना, तो याच कालव्यावरचा. गाडीत आपण त्या वेळी मोबाइल बघत असतो. पण सोळाव्या शतकात ते पाणी म्हणजे दोन राज्यांमधली सरहद्द होती.

पोर्तुगीजांनी 1510 साली तिसवाडी घेतली, आणि 1543 साली बार्देश व साष्टीही त्यांच्याकडे गेले. पाण्याच्या अलीकडचा फोंडा मात्र विजापूरच्या आदिलशहाचा राहिला. पलीकडे देवळं पाडायला सुरुवात झाली ती आधी तिसवाडीत, मग साष्टीत. 1567 साली राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगो रोद्रिगिश याने साष्टीतली अडीचशेहून अधिक देवळं जमीनदोस्त केली. गावकऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. धर्म बदलून जमीन राखायची, किंवा देव उचलून नदी ओलांडायची.

आता आपल्या देवांचे मूळ पत्ते बघा. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा केळोशीची. महालसा वेर्ण्याची. रामनाथ लोटलीचा. बांदिवड्याची महालक्ष्मी कोलव्याची. बोरीची नवदुर्गा बाणावलीची. ही सगळी गावं तेव्हाच्या साष्टीत होती, जुवारीच्या पलीकडे. एकाच पिढीत एवढे देव होडीत बसून इकडे आले. आपल्यापैकी कुणाचं आडनाव लोटलीकर असेल, कुणाचं वेर्णेकर, कुणाचं कुडतरकर. देवाचा पत्ता बदलला, आडनावात मात्र जुनं गाव राहिलं. माझ्या नातवाला मी विचारलं, आपला देव कुठला? तो म्हणाला, मंगेशीचा. चूक नाही, पण अर्धंच उत्तर आहे. मंगेशी हे नावच देवावरून पडलं. मूळ गाव प्रियोळ.

आणि गंमत बघा. मंगेश कुशस्थळीहून निघाला ते साल 1560. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशनचं कोर्ट आलं. आणि त्याच साली फोंड्यात अली आदिलशहाने साफा मशीद बांधली. शहराच्या मध्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे ती. आपल्यातले फार थोडे लोक तिथे जातात. मी म्हणतो, अवश्य जा. समोर जांभ्या दगडात बांधलेला मोठा हौद आहे, त्याच्या आतल्या भिंतींत कमानीदार कोनाडे आहेत. देवळांच्या तळ्या पाहून आलेल्या माणसाला ते काम ओळखीचं वाटतं. ज्या राजवटीच्या मुलखात आपल्या देवांना आसरा मिळाला, तिची फोंड्यातली ही खूण. देव लपवून आणणारे आपले पूर्वज याच सुलतानाच्या हद्दीत येऊन सुटकेचा श्वास घेत होते. शाळेत शिकवलेल्या इतिहासात हे सहज बसत नाही, म्हणूनच मुलांना तिथे न्यावं.

आता पाण्याकडे. फोंड्याहून आगापूर-अडपईच्या बाजूला उतरलात की जुवारीच्या काठी दुर्भाट लागतं. आज शांत जागा आहे. फेरीबोटीचा धक्का, माडांची रांग, पलीकडे साष्टीतली रासई. पण एके काळी हे फोंड्याचं बंदर होतं. घाटावरून येणारा माल इथून होडीत चढायचा. माझ्या सासरेबुवांच्या पिढीतले लोक मुंबईची आगबोट पणजीला सोडायचे आणि तिथून मोटार लाँचने दुर्भाटला उतरायचे. त्या लाँचला सगळे ‘गॅसोलीन’ म्हणत. देवाला जायचं तर असं पाण्यातूनच जायचं, हा त्यांचा अनुभव होता. रस्त्याने देवळात पोचणारी आपली पहिली किंवा दुसरी पिढी.

दुर्भाटच्या धक्क्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. ओहोटी असेल तर खाजन शेतीचे बांध दिसतील. खाजन म्हणजे खाडीच्या कडेला बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून सोडवलेली शेतजमीन. बांधात एक लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरतीचं पाणी दाबलं की ते आपोआप बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी दाराला ढकलून बाहेर जातं. विजेची मोटार नाही, काही नाही. मी कॉमर्सचा माणूस, यंत्रं मला फारशी कळत नाहीत, पण एका शेतकरी खातेदाराने बांधावर उभं राहून समजावलं तेव्हा वाटलं, याहून स्वस्त यंत्रणा जगात नसेल. हे बांध राखायचं काम गावकीचं असायचं. बांध फुटला तर एकाचं नाही, सगळ्या गावाचं पीक जातं.

याच काठावर एक प्रथा आहे जी कुठल्याच टूर कंपनीच्या यादीत सापडणार नाही. बोरी, दुर्भाट या भागात पौष अमावास्येला ‘मानगेथापणी’ करतात. मानगे म्हणजे मगर. चिखलाची मगर थापायची, शिंपल्यांनी सजवायची आणि तिची पूजा करायची. खाडीत खऱ्या मगरी आहेत. कुंभारजुव्याच्या कालव्यात बोटीतून मगर दाखवायला नेतात ते पर्यटकांना ठाऊक आहे. पण मगरीची पूजा करणारा शेतकरी बघायला कुणी जात नाही. जाणार असाल तर गावातल्या कुणाची तरी ओळख काढून जा, आणि कॅमेरा जरा खिशात ठेवा.

दुर्भाटचा आणखी एक इतिहास आहे. फोंड्याचा किल्ला शिवाजी महाराजांनी मे 1675 मध्ये आदिलशाहीकडून घेतला. त्याआधी 1666 मध्ये एक प्रयत्न फसला होता. महाराज गेल्यावर 1683 साली पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर याने जुवारी ओलांडून या किल्ल्याला वेढा दिला. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. तोफांनी तट पडला, तरी किल्ला पडला नाही. संभाजी महाराज स्वतः आले आणि विजरईला नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली. परतीचा रस्ता याच दुर्भाटच्या काठाचा. कृष्णाजी लढाईतल्या जखमांनी गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 24 नोव्हेंबरच्या रात्री, मराठ्यांनी ओहोटीच्या वेळी पाणी ओलांडून जुवे बेट घेतलं. तिथून जुनं गोवं हाकेच्या अंतरावर. विजरई स्वतः तिथे धावला, जखमी झाला, आणि अखेर सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन त्याने आपला राजदंड ठेवला. पुरुषभर पाण्याची ती पट्टी, एका महिन्यात दोनदा निर्णायक ठरली.

फर्मागुडीला जो किल्ला दिसतो तो बऱ्याच अंशी नव्याने उभारलेला आहे, महाराजांचा पुतळा आहे, बाग आहे. मुलांना आवडतं. गोपाळ गणपतीचं दर्शनही तिथेच होतं. पण लढाई समजून घ्यायची असेल तर किल्ल्यापेक्षा दुर्भाट आणि जुव्याच्या बाजूला जा, असं माझं मत.

हे वाचताना कुणी विचारेल, मग आपली देवळं इतकी श्रीमंत कधी झाली? हा प्रश्न मला आवडतो, कारण इथे जमाखर्च येतो. पहिली पावणेदोनशे वर्षं आपले देव इकडे बऱ्यापैकी साध्या घरांत राहिले. मोठी कामं झाली ती अठराव्या शतकात, पेशवाई आणि साताऱ्याच्या दरबारातल्या आपल्या माणसांमुळे. 1739 साली मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळाला. पेशव्यांकडे शब्द टाकणारे सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम, मूळचे कोचऱ्याचे रेगे, यांनी शांतादुर्गेचं देऊळ बांधवलं आणि कवळे गाव इनाम मिळवून दिला. तेही 1739 साल. त्याच मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा जोर उतरणीला लागला होता, हे या दानपत्रांच्या तारखांवरून कळतं. राजकारण वाचायचं तर लढायांच्या यादीइतकीच इनामांची यादी उपयोगी पडते, हे मी कर्जाच्या फायली वाचत शिकलो.

पुढे 1763 साली फोंडा पोर्तुगीजांकडे गेलाच. हैदरअलीने सोंद्याचं राज्य घेतलं तेव्हा सोंद्याचे राजे गोव्याच्या आश्रयाला आले आणि बांदिवड्याला राहिले. पण तोवर पोर्तुगीजांची भूक बदलली होती. नव्या काबिजादीतल्या लोकांच्या देवधर्मात हात घालणार नाही असं त्यांनी कबूल केलं. डिचोली, सत्तरी, पेडणे त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्याकडे आली, तीही याच अटीवर. म्हणून तर पेडण्याची भगवती आपल्या जागी आहे, आणि आपले देव दुसऱ्यांदा होडीत बसले नाहीत.

बांदिवड्याला गेलात की नागेशीला मात्र थांबाच. सगळे रामनाथीला जातात, आणि नागेशी शेजारीच असून राहून जाते. हा देव नदी ओलांडून आलेला नाही, इथलाच आहे. देवळात इ.स. 1413 चा शिलालेख आहे, विजयनगरच्या काळातला. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या शंभर वर्षं आधीचा. सभामंडपात लाकडात कोरलेली रामायणातली दृश्यं बघा, मग तळीच्या पायरीवर बसा. पाणी इतकं स्वच्छ असतं की मासे मोजता येतात. माझी सौ. सांगायची, फोंड्यात मन लागायचं असेल तर नागेशीची तळी. मी रविवारी संध्याकाळी पासबुकं, लेजर, सगळं डोक्यातून काढून तिथे बसत असे.

म्हार्दोळला पावसाळ्यात गेलात तर जायांची पूजा बघायला मिळेल. देवळाच्या आसपासच्या मळ्यांतल्या जायांनी महालसेचा चौक भरून जातो. एरवी अंगणातली कासवावर उभी पितळी समई सगळे बघतातच. मंगेशीची जत्रा माघ पौर्णिमेला, शांतादुर्गेची माघ शुद्ध पंचमीला. गर्दी झेपत असेल तरच जा. नाही झेपली तर जत्रेतली खाजी कुणाकडून तरी मागवा, आल्याचा तिखटपणा अजून तसाच आहे.

आता खांडेपार. फोंड्याच्या पूर्वेला चारेक किलोमीटरवर, नदीच्या जवळ, झाडीत जांभ्या दगडात कोरलेल्या चार लहान गुहा आहेत. कदंबांच्या काळातल्या मानतात. एकीच्या छतावर कमळ कोरलेलं आहे. अजिंठा-वेरूळ डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. पण त्या काळोख्या खोलीत शिरून वर बघितलं आणि ते कमळ दिसलं की कोण कुठला संन्यासी इथे पावसाळे काढत असेल असा विचार येतो. याच नदीवर ओपाचं पाण्याचं केंद्र आहे. पणजीच्या लोकांच्या नळाला येणारं पाणी हे फोंड्याच्या खांडेपारचं. पणजीकरांना मी हे नेहमी ऐकवतो.

आणि 18 डिसेंबर 1961 च्या रात्री भारतीय सैन्याची एक तुकडी खांडेपारला येऊन पोचली होती, तेव्हा पोर्तुगीजांनी पूल उडवून दिलेले होते. बाणस्तारीचा उडवला, बोरीचा उडवला. शिखांची एक पलटण मग बोरीच्या तुटलेल्या पुलाची वाट न बघता जुवारी ओलांडून राय गावच्या बाजूला निघाली आणि मडगावकडे गेली. म्हणजे शेवटच्या दिवशीसुद्धा पाण्याचाच प्रश्न. 1560 साली देव घेऊन जे पाणी लोकांनी रात्री ओलांडलं, ते चारशे वर्षांनी उलट दिशेने ओलांडलं गेलं.

बोरीला हे आठवायचं असेल तर सिद्धनाथाच्या डोंगरावर चढा. वर देऊळ आहे आणि खाली जुवारीचं वळण पसरलेलं दिसतं. कवी बा. भ. बोरकर या बोरीचे. त्यांच्या कवितेत नदी, माड, पाऊस इतका का आहे हे विचारायची गरज उरत नाही. संध्याकाळी पाचनंतर जा, पाण्याची बाटली न्या, आणि अंधार पडायच्या आत उतरा.

उत्तरेकडे माशेलची बाजू वेगळी. माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे. आईच्या मांडीवर बसलेला कृष्ण, अशी मूर्ती क्वचितच कुठे असेल. तोही चोडण बेटावरून आधी मये आणि मग इथे आलेला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला होतो. सत्तरीच्या माणसाने त्यात उतरू नये, पण बघण्यासारखा खरा. गणपतीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याच्या पाण्यात सांगोड निघतो. दोन होड्या एकत्र बांधून त्यावर गणपती आणि चित्रदेखावे, काठावर लोकांची रांग. फोंडा तालुक्याच्या पाण्यातला हा सगळ्यात आनंदाचा दिवस म्हणायला हरकत नाही.

माशेलहून खांडोळ्याच्या पुलाने आमोण्याला, म्हणजे डिचोलीत उतरलात की नार्वे जवळच. ही वाट मी प्रत्येकाला सुचवतो. सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा देव, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव असे. मूळ देऊळ पलीकडच्या दिवाडी बेटावर. ते मोडलं, आणि शिवलिंग विहिरीच्या काठावर पाणी शेंदायच्या कामाला लावलं गेलं. डिचोलीच्या सूर्यराव सरदेसायांनी ते नदी ओलांडून नार्व्याला आणलं. शिवाजी महाराज तिथे आले आणि देऊळ नव्याने बांधायला सांगितलं. दारावर शिलालेख आहे, शके 1590, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. इंग्रजी तारीख 13 नोव्हेंबर 1668. अलीकडे सरकारने डागडुजी करून 2023 च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा खुलं केलं. नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला जाता येतं. देवाचा प्रवास उलट्या दिशेने करून बघायला याहून सोपी जागा नाही, पाच-सात मिनिटांचा मामला.

खाण्याचं सांगितलं नाही तर घरच्या मंडळींना राग येईल. फोंड्याच्या बाजारात सकाळी पातळभाजी, सुकी भाजी, पाव आणि बन. हॉटेल कुठलंही चालतं, गर्दी जिथे जास्त तिथे बसा. दुपारी सावई-वेरे किंवा केरीच्या बाजूला एखादं कुळागर बघून घ्या. डोंगराच्या कुशीतल्या झरीचं पाणी पाटाने सोडलेलं, वर माड आणि पोफळी, पोफळीवर चढलेली मिरीची वेल, खाली केळी आणि अननस. एकाच जमिनीत तीन मजली पीक. शेतीकर्जाच्या फॉर्मवर पिकाचं नाव एकच लिहायची जागा होती, कुळागरवाल्याला तिथे काय लिहायचं हा माझा नेहमीचा प्रश्न. आणि केरी म्हणजे केसरबाई केरकरांचं गाव. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर जी ध्वनिमुद्रिका अवकाशात गेली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. मंगेशीने दीनानाथ मंगेशकर दिले, जितेंद्र अभिषेकी दिले. देवळांच्या चौकात गाणं वाढलं, आणि ते गाणं गाणाऱ्या बायकांच्या घराण्यांकडे आपण किती वर्षं तिरक्या नजरेने बघितलं, हेही कधीतरी बोलायला हवं. तो वेगळा लेख होईल.

कसं जायचं ते सांगतो. पणजीत राहू नका, फोंड्यातच दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी सकाळी देवळं, दुपारी साफा मशीद आणि नागेशी, संध्याकाळी दुर्भाट. दुसऱ्या दिवशी खांडेपार, केरी, माशेल, नार्वे, दिवाडी, आणि दिवाडीहून जुन्या गोव्याला फेरीने. फेरीची शेवटची वेळ धक्क्यावरच विचारून घ्या. घरात वेर्ण्याचे लोक असतील तर एक फेरी वेर्ण्यालाही करा. महालसेच्या मूळ जागी आता नवं देऊळ उभं आहे.

आणि एक विनंती. बऱ्याच घरांत जुन्या ट्रंकेत देवस्थानच्या पावत्या, महाजनांच्या याद्या, पोर्तुगीज शिक्क्याचे कागद पडलेले असतात. 1933 च्या देवस्थान कायद्यानंतर महाजनांची नावं नीट नोंदली जाऊ लागली, त्यामुळे त्या काळापासूनचे कागद पुष्कळ घरांत मिळतात. ते रद्दीत घालू नका. त्यावर तुमच्या आजोबांच्या नावापुढे मूळ गाव लिहिलेलं असेल तर खाली कळवा, कुठल्या देवाचे आणि नदीच्या कुठल्या काठचे तेही लिहा. मी माझ्या वहीत उतरवून घेतो आहे. आतापर्यंत तेवीस घरं झाली.